कुवाबाराबाईंनी सोपे गाणे सर केले त्याची हकीकत

वीणा हाती धरणारी बेंझाइतेन देवी, जी समस्त सुरांची मालकीण, जिने आमच्या गळ्याकडे जन्मापासून पाठ फिरवली, तिला तरीही दंडवत घालोन ही हकीकत लिहावयास घेतली. रेइवा राजशकाचे सातवे साल, मार्च महिना सरत आलेला, एचिगो प्रांती त्सुबामे शहरी चमचे-काट्यांच्या कारखान्याचे पॅकिंग खात्यात जी मोहीम जाहली, तिची बखर करावी ऐसे कोणीही सांगितले नाही. थोरांच्या बखरी त्यांचे पदरचे कारकून लिहितात. कुवाबाराबाईंचे पदरी कारकून नाही, एक मांजर आहे, ते लिहीत नाही. सबब बाईंनी आपली बखर आपणच लिहिली आहे आणि जागोजाग आपली स्तुती केली आहे, ती वाचणाराने निम्मी करोन घ्यावी.

तर अखंडित-खंजिरी-अलंकृत राजश्री कुवाबाराबाई, वय पन्नाशीकडे कललेले, कद बेताचा, हिंमत त्याहून बेताची. कारखान्याच्या बायकांची फौज वर्षातून काही वेळा हमरस्त्याच्या कराओके-घरावर चालून जात असे, आणि तेथे प्रत्येक सरदारीण माईक हाती घेऊन पराक्रम करीत असे, आणि कुवाबाराबाई तेवढ्या कोपऱ्यात बसोन खंजिरी वाजवीत. ही खंजिरीची सरदारकी त्यांनी मोठ्या मुत्सद्दीपणे मिळविली होती, कारण खंजिरीवालीला कोणी गा म्हणत नाही. याचे मूळ असे की, बाई शाळेत असता समूहगानाची स्पर्धा आली, आणि मास्तरीणबाईंनी त्यांस बाजूला घेऊन गोड आवाजात फर्मावले की, "तू नुसतं तोंड हलव हं, आवाज नको काढूस, वर्गाचा नंबर जाईल." वर्गाचा नंबर आला. तेव्हापासून बाई वाढदिवसाच्या गाण्यालाही नुसते ओठ हलवितात, आणि इतके सफाईने हलवितात की शेजारच्यासही संशय येत नाही.

पॅकिंग खात्याच्या मुख्य इगाराशीबाई. या प्रांती इगाराशी नावाची माणसे पुष्कळ, पण कारखान्यात मानाचे 'सान' जोडोन "इगाराशीसान" म्हटले की एकच. कुवाबाराबाई घटस्फोट घेऊन नागाओकाहून प्रथम या टेबलाशी आल्या तेव्हा चमच्यांचा अख्खा ट्रे त्यांचे हातून फरशीवर पडला, आणि त्या आवाजाने साहेब धावत आले. तेव्हा इगाराशीबाईंनी मान वर न करता सांगितले की ट्रे आपणच पाडला, म्हातारपण आले. मग साहेब गेल्यावर कुवाबाराबाईंस कागदात चमचा कसा निजवावा, कागदाचा कोपरा कसा आत घ्यावा, हे शिकविले आणि त्या गोष्टीचा पुन्हा उच्चार केला नाही. तो उपकार कुवाबाराबाई विसरल्या नाहीत. आम्हीही विसरलो नाही, कारण त्या आम्हीच.

या इगाराशीबाई मार्चअखेर सेवानिवृत्त होऊन पार दक्षिणेस, मियाझाकीला, लेकीकडे कायमच्या राहावयास निघाल्या. खात्याने निरोपाची भेट काय द्यावी याची मसलत चालली असता खुद्द बाईंनी जेवणाच्या सुट्टीत हुकूम सोडला.

"हातरुमाल नको, माझ्याकडे कपाटभर आहेत. फुलं नकोत, विमानात चुरगळतात. कुवाबारानं एक गाणं म्हणावं. इतकी वर्षं शेजारी बसली, हिचा आवाज कसा आहे ते मला माहीत नाही."

हा खलिता ऐकोन कुवाबाराबाईंच्या हातातला भाताचा घास हातातच राहिला. नाही म्हणावे तर ज्या बाईने कधी काही मागितले नाही तिची एकच मागणी मोडते, आणि हो म्हणावे तर गावे लागते. बाई "बरं" म्हणाल्या आणि प्रसाधनगृहात जाऊन आरशासमोर उभ्या राहिल्या. आरशातली बाई त्यांस फारशी भरवशाची वाटली नाही.

मग खलबत बैसले. खलबतास दोघी. एक होंमाबाई, जाड आवाजाच्या, मनाने मऊ, ज्यांस प्रत्येक गाण्यात रडू येते. दुसरी माकिनो, खात्यात सर्वांत धाकटी, जिचे नखांवर दर सोमवारी नवे चित्र असते. माकिनोने मोबाईल काढोन 'महिलांना कराओकेत म्हणायला सोपी गाणी' असा एक जाहीरनामा दाखविला. त्यात गाण्यांची भली मोठी फौज उभी होती आणि प्रत्येकाचे नावापुढे 'कोणालाही जमेल' ऐसे लिहिले होते.

"हे घ्या, 'काचेचा बुधवार'," माकिनो म्हणाली. "एकदम सोपं आहे. माझी सहावीतली भाची म्हणते."

"तुझ्या भाचीला श्वास घ्यावा लागत नाही," होंमाबाई म्हणाल्या. "कुवाबारासान, तुम्ही संथ गाणं घ्या. संथ म्हणजे सोपं. 'बर्फ वितळेपर्यंत' घ्या."

"ते गाणं बर्फ वितळेपर्यंत संपत नाही, होंमासान."

"अगं, पण रडू किती छान येतं त्याला!"

कुवाबाराबाईंनी दोघींचे ऐकोन घेतले आणि मनाशी कलमे ठरविली. गाणे फार वर चढणारे नसावे, फार धावणारे नसावे, मध्ये नुसत्या वाद्यांचा लांब पट्टा नसावा, कारण त्या पट्ट्यात उभे राहोन हातांचे काय करावे हे आजवर कोणासही कळलेले नाही. आणि सर्वांत मोठे कलम हे की, ते गाणे दुसऱ्या कोणाचे नसावे.

या शेवटल्या कलमाचा खुलासा केला पाहिजे. आमचे मुलखात प्रत्येकीचे एक गाणे असते. ते तिने रचलेले नसते, पण मैफलीत ते तिचे वतन असते, आणि ती खोलीत बसली असता दुसरीने त्यास हात लावणे म्हणजे उघड बंड. इगाराशीबाईंचे वतन 'शनिवारची सायकल'. त्यांच्या तरुणपणीचे, उताराच्या रस्त्यावरून सायकलने निघालेल्या मुलीचे गाणे. एकदा पॉलिश खात्यातल्या एका नव्या बाईने अजाणता ते लावले. इगाराशीबाईंनी हसोन टाळ्या दिल्या. बाकी खोली श्वास रोखोन बसली. दुसरे दिवशी ती बाई तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांचा डबा घेऊन पॅकिंग खात्याच्या दारी माफी मागावयास हजर जाहली.

असो. सुट्टीचा मंगळवार पाहोन कुवाबाराबाईंनी भरदुपारी एकट्याने कराओके-घरावर कूच केले. गल्ल्यावरच्या कारकुनाने विचारिले, "किती जण?" बाईंनी "एकटीच" हे उत्तर इतक्या हळू दिले की ते त्यास पुन्हा विचारावे लागले. मग एका माणसाच्या खोलीत शिरोन, दार लावोन, मेलन सोड्याची रसद घेऊन बाईंनी मोर्चे बांधले.

पहिला हल्ला 'काचेचा बुधवार' यावर. गाणे सुरू जाहले आणि पडद्यावर अक्षरे अशी धावो लागली की बाईंनी पहिली ओळ गाठली तेव्हा गाणे तिसरीवर होते. बाईंनी पाठलाग केला, मधल्या दोन ओळी शत्रूस सोडोन दिल्या, तरी गाठ पडेना, शेवटी गाणे पुढे निघोन गेले आणि बाई सोडा पीत बसल्या. दुसरा हल्ला 'बर्फ वितळेपर्यंत' यावर. हे गाणे मोठे कपटी. आरंभी सपाट, नम्र, दार उघडोन या म्हणणारे. बाई निर्धास्त होऊन शेवटच्या ध्रुपदापर्यंत आल्या, तो तेथे गाणे अकस्मात एक पायरी वर चढोन बसले. वरच्या पायरीवर बाईंचा आवाज गेला नाही, दुसरेच काही गेले. मांजराने ऐकले असते तर खिडकीतून उडी घेतली असती. मग बाईंनी पट्टी खाली करावयाची कळ दाबली, पुन्हा दाबली, आणि दाबतच राहिल्या, तो गाणे इतके खोल गेले की देवळातली घंटा गात आहे ऐसे वाटावे. दर गाण्यास यंत्राने आपला न्याय पडद्यावर लिहिला. यंत्र सौजन्याने वागले. त्याने लिहिले की, आपल्या गाण्यात मनापासूनची भावना दिसते. ज्यास दुसरे काही सापडत नाही तो असेच लिहितो.

येणेप्रमाणे बाई शिकस्त खाऊन बसल्या, गळ्यात खरखर, डोळ्यांत पाणी. आता खोलीचे थोडे भाडे उरले आहे, निदान कान तरी सुखी व्हावे, म्हणोन त्यांनी 'शनिवारची सायकल' लावले आणि माईक खाली ठेविला. मग टेबलावर बोटे चालो लागली, मग पाय, आणि मग काय जाहले हे बाईंसही सांगता येत नाही, पण तोंड उघडले आणि त्यातून आवाज आला. पहिले कडवे सरळ निघाले. ध्रुपद निघाले. आवाज फुटला नाही, पळाला नाही, जेथे जावयाचे तेथे जाऊन बसला. बाई उभ्या राहिल्या. तोच भिंतीवरला फोन वाजला आणि कारकुनाने कळविले की वेळ संपत आली, आणि गाणे निम्म्यावर तोडावे लागले.

बाई आनंदाने जिन्यापर्यंत आल्या आणि जिन्यात थांबल्या. साऱ्या जगात त्यांस येणारे गाणे एक, आणि ते ज्यांना ऐकवावयाचे त्यांचेच वतन. निरोपाच्या दिवशी, भर दरबारी, मालकिणीच्या समोर तिचे निशाण उचलावे? बिस्किटांचे किती डबे लागतील याचा बाईंनी विचार केला आणि तो मनसुबा तेथेच सोडोन दिला. घरी जाऊन मांजराशी मसलत करोन त्यांनी लहान मुलांच्या कार्यक्रमातले 'चिखलातले लाल बूट' हे गाणे मुक्रर केले. ते बालवाडीतली पोरे म्हणतात. यापुढे सोपे म्हणजे गप्प बसणेच उरले होते.

निरोपाचा शनिवार उजाडला. कारखाना बंद. दुपारी फौज कराओके-घरी दाखल जाहली आणि इगाराशीबाईंस मधल्या आसनावर बैसविले. होंमाबाईंनी पहिले गाणे म्हटले आणि त्या रडल्या. माकिनोने 'काचेचा बुधवार' म्हटले आणि ती खरोखर श्वास न घेता म्हणाली. कुवाबाराबाईंनी त्या काळात खंजिरी वाजविली, सर्वांची पेये भरोन आणली, पुन्हा विचारोन पुन्हा आणली, तळलेल्या बटाट्याची मागणी नोंदविली, ज्यास नको त्यासही ओला रुमाल दिला. इतकी सेवा पाहोन इगाराशीबाई म्हणाल्या, "कुवाबारा, बस आता. सोड्यात पोहायला लावशील आम्हाला."

मग पळावयास वाट उरली नाही. पडद्यावर 'चिखलातले लाल बूट' अशी अक्षरे उमटली. बाई माईक घेऊन उभ्या राहिल्या, सूर आला, तोंड उघडले, आणि आवाज आला नाही. ओठ मात्र चालो लागले, शाळेत चालत तसे, बिनचूक. होंमाबाईंस वाटले सखी अडखळली, म्हणोन त्या मदतीस धावल्या, मग माकिनो धावली, आणि मग सारी खोलीच टाळ्या वाजवीत चिखलातून चालो लागली. गाणे संपले. जयघोष जाहला.

"कुवाबारासान, किती छान! उगाच इतकी वर्षं लाजत होतात!" होंमाबाई पुन्हा रडल्या.

फत्ते जाहली ऐसे सर्वांस वाटले. ही बखर येथे संपवावी ऐसा मोह आम्हांस जाहला होता, कारण विजय कसा मिळविला हे कोण विचारतो. पण मधल्या आसनावर इगाराशीबाई टाळ्या न वाजविता बसल्या होत्या. त्यांनी गाणे निवडावयाची यंत्राची पाटी ओढोन घेतली, बोटाने काही दाबले, आणि पडद्यावर 'शनिवारची सायकल' आले. सर्वांनी सावरोन बसत वाट मोकळी केली, आता मालकीण गाणार. इगाराशीबाईंनी माईक उचलला आणि कुवाबाराबाईंपुढे धरिला.

"म्हण."

"इगाराशीसान, हे तुमचं गाणं आहे."

"मघाशी तू नुसतं तोंड हलवलंस. मी शेजारी बसले होते. बहिरी नाही झाले अजून."

"मला नाही येत."

"येतं. टेबलाशी रोज म्हणतेस की. चमचे गुंडाळताना. नाकातल्या नाकात, पण अख्खं म्हणतेस."

"मी?" कुवाबाराबाईंचा चेहरा पाहण्यासारखा जाहला. त्यांनी होंमाबाईंकडे पाहिले. होंमाबाईंनी मान डोलविली. माकिनोनेही डोलविली.

"मला वाटलं तुम्हाला माहितेय," माकिनो म्हणाली.

"पण तुमच्यासमोर कसं म्हणू? तुमचं आहे ते."

"मी मियाझाकीला चाललेय बाई. सामानाच्या ट्रकात काय काय भरू? म्हण, सुरू होतंय. आणि बाकीच्यांनो, एकीनंही तोंड उघडायचं नाही. मदत नको."

हा शेवटला हुकूम सक्त होता. होंमाबाईंनी तोंडावर रुमाल धरिला. कुवाबाराबाईंच्या मागे भिंत, पुढे इगाराशीबाई, आणि सायकलीची घंटी वाजोन गाणे निघाले. आवाज आधी थोडका आला, मग पुरता आला. तो आवाज सुंदर नव्हता, हे स्तुतीच्या या बखरीतही लिहिले पाहिजे. थोडा बसका, थोडा सपाट, पण बाईंचा होता, आणि खोलीतल्या कोणीही तो आजवर ऐकिला नव्हता. ऐन ध्रुपदात दार उघडोन नोकर बटाट्याचे ताट घेऊन आत आला. या प्रसंगी भलेभले पट्टीचे गवई आवाज गिळोन पडद्याकडे पाहत उभे राहतात, आणि नोकर जाईपर्यंत गाणे असेच वाया जाते. कुवाबाराबाई थांबल्या नाहीत. नोकराने ताट ठेविले, वाकोन नमस्कार केला आणि तो गेला, तरी त्या गातच होत्या.

मग मधला वाद्यांचा पट्टा आला. बाई हात लोंबते ठेवोन उभ्या राहिल्या. आणि पट्टा संपावयाच्या किंचित आधीच त्यांनी दुसरे कडवे सुरू केले. पडद्यावरची अक्षरे अजून पांढरीच होती, गावयाची वेळ येता त्यांस रंग चढतो, तो चढावयाचा होता, वाद्ये मागे राहिली होती, आणि बाई एकट्याच उतारावरून पुढे निघाल्या होत्या. मग गाणे धावत आले आणि बाईंस येऊन मिळाले. माकिनोने खाली पाहिले. होंमाबाईंनी छताकडे पाहिले. इगाराशीबाई मात्र पडद्याकडे पाहत राहिल्या, कारण गाताना त्यांचे डोळे नेहमी मिटलेले असत, आणि हे गाणे त्या आज पहिल्यांदा डोळे उघडे ठेवोन ऐकत होत्या.

गाणे संपले. यंत्राने न्याय लिहिला की, गायिकेने थोडी घाई केली, वाद्यांची वाट पाहावी.

"थांबा," इगाराशीबाई म्हणाल्या. "ती आधी का सुरू झाली?"

माकिनो आपल्या नखांवरचे चित्र पाहो लागली.

"मी असंच म्हणते?"

खोलीत बटाट्याचा वास तेवढा होता. अखेर होंमाबाईंनी रुमाल काढला. "आम्हाला वाटलं, ती तुमची पद्धत आहे."

"इतकी वर्षं? इतकी वर्षं मी वाद्यांच्या आधी पळत होते, आणि एकीनंही सांगितलं नाही?"

"कसं सांगणार, इगाराशीसान? तुमचं गाणं ना ते."

इगाराशीबाई लाल जाहल्या. मग त्यांचे खांदे हालो लागले. सर्वांस वाटले रडतात, तो त्या हसत होत्या, आणि हसता हसता खरोखर रडो लागल्या, आणि कुवाबाराबाई त्यांचे पायाशी गुडघे टेकोन बसल्या आणि म्हणाल्या, "मला दुसरं कसं म्हणतात ते माहीतच नाही. मी तुमच्याकडूनच शिकले." आणि त्याही रडल्या. होंमाबाईंबद्दल लिहिण्याची गरज नाही.

"माझ्यासारखं नको म्हणूस," इगाराशीबाई नाक पुसत म्हणाल्या. मग रुमाल दुमडोन म्हणाल्या, "नाही, तसंच म्हण."

येणेप्रमाणे सोपे गाणे सर जाहले. सबब समस्त पॅकिंग खाते, पॉलिश खाते व कराओके-घराचे नोकर यांसी कळावे की, 'शनिवारची सायकल' हे वतन, त्यातील दोन्ही कडवी, ध्रुपद आणि मधल्या वाद्यांच्या पट्ट्यासुद्धा, इगाराशीबाईंनी राजीखुशीने कुवाबाराबाईंस दिले, ते बाईंनी दोन्ही हातांनी वाकोन घेतले. इगाराशीबाई मियाझाकीहून कधी परत आल्या तर त्यांनी ते बाईंस विचारोन म्हणावे, ऐसे त्या स्वतःच बोलल्या. दुसरे कडवे वाद्यांच्या आधी सुरू होते तेवढा मुलूख गाणे रचणाराने दिलेला नाही, तो इगाराशीबाईंनी डोळे मिटोन जिंकलेला आहे. तोही या वतनात सामील. त्यास यंत्राने हरकत घेऊ नये, आणि कोणीही, कितीही चांगल्या मनाने, तो दुरुस्त करू नये.